जुन्या वस्तूंच्या ढिगात हाती लागणारे घबाड : पारख कशी करावी?

पारखी (धागाकर्ते)

गॅरेज सेल (घरासमोर मांडलेली घरातल्या जुन्या सामानाची विक्री), धर्मादाय संस्थांची वापरलेल्या वस्तूंची दुकाने, जुना बाजार अशा ठिकाणी एखादी अस्सल वस्तू कवडीमोलाने मिळाली की पाहणारे त्याला नशीब म्हणतात. नशिबाचा वाटा मी नाकारत नाही, परंतु अशी वस्तू एकाच माणसाला पुन्हा पुन्हा का सापडते याचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही. माझ्या मते ते उत्तर किंमत ठरवण्याच्या पद्धतीत आहे. घर रिकामे करायला निघालेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत सामान हलवायचे असते, आणि धर्मादाय दुकानात वस्तू वेगळ्या करणाऱ्या स्वयंसेवकाला एकेका वस्तूसाठी काही क्षणांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही. त्यामुळे भाव वस्तूचा न ठरता ढिगाचा ठरतो : सगळ्या पुस्तकांना एक भाव, सगळ्या कोटांना एक, सगळ्या चमच्यांना एक. ढिगातल्या वस्तूंच्या दर्जात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक ज्याला दिसतो त्याच्याच पदरात तो पडतो.

याचे टोकाचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका कुटुंबाने २००७ साली एका गॅरेज सेलमधून तीन डॉलरला एक लहानसा पांढरट वाडगा विकत घेतला आणि तो काही वर्षे दिवाणखान्यात ठेवला. पुढे जाणकारांना दाखवल्यावर तो चीनमधील उत्तर सोंग घराण्याच्या काळातील, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, तिंग पद्धतीचा चिनी मातीचा वाडगा निघाला आणि मार्च २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात त्याला बावीस लाख डॉलरहून अधिक किंमत आली. अशा कथा वाचायला छान वाटतात, पण त्यांच्या मागे लागून जुन्या बाजारात जाणारा बहुधा रिकाम्या हाताने किंवा नकली वस्तू घेऊन परततो. रोजच्या रोज मिळणारी खरी घबाडे साधी असतात : दोन पिढ्या टिकेल असे हत्यार, चांगल्या लोकरीचा कोट, घट्ट सांध्यांचे टेबल, स्वच्छ काचेची लेन्स. अशी वस्तू घडवताना उत्तम घडवली गेली, नंतर तिची फॅशन गेली किंवा तिचा मालक गेला, एवढेच.

म्हणून माझा आग्रह असा की सगळ्या ढिगांवरून नजर फिरवण्यापेक्षा एकच ढीग निवडावा आणि त्यातले बारकावे शिकावेत. ज्यांना ज्या वस्तूंची जाण आहे त्यांनी ती हातात घेतल्यावर पहिल्या मिनिटात नेमके काय पाहावे हे येथे लिहावे, ही विनंती.

बीडकाम

धाग्याचा विषय जिव्हाळ्याचा आहे. माझा ढीग म्हणजे बिडाची (ओतीव लोखंडाची) भांडी आणि सुतारकामाची हत्यारे, त्याबद्दल लिहितो.

बिडाच्या भांड्यावरचा गंज पाहून बहुतेक लोक ते खाली ठेवतात, आणि त्यामुळेच ते स्वस्त राहते. वरवरचा गंज हा दोष मानण्याचे कारण नाही. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात थोडा वेळ ठेवले, तारेच्या घासणीने घासले, लगेच पूर्ण कोरडे केले आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवून ओव्हनमध्ये चांगले तापवले की भांडे पुन्हा काळेभोर होते. तेल जास्त लावले तर चिकट थर बसतो, म्हणून लावलेले तेल पुसून काढल्यासारखे वाटेपर्यंत पुसावे. तडा मात्र कशानेही भरून निघत नाही. तो शोधण्यासाठी भांडे दांड्याला धरून लोंबते ठेवावे आणि बोटाच्या पेराने टकटक करावी. निकोप बीड घंटेसारखे घुमते, तडा गेलेले भांडे बद्द आवाज करते. त्यानंतर ते सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे, कारण जास्त तापून तळ वाकला असेल तर सपाट शेगडीवर ते कधीच नीट बसणार नाही.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. मासेमारीच्या गळाची वजने किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी शिसे वितळवायला काही हौशी लोक बिडाची जुनी भांडी वापरत आलेले आहेत. भांड्यात करड्या धातूचे शिंतोडे दिसले, किंवा ते ओतकामाच्या साच्यांबरोबर विकायला ठेवलेले असले, तर ते कितीही स्वस्त मिळाले तरी अन्न शिजवण्यासाठी घेऊ नये.

हत्यारांच्या बाबतीत पाते पाहावे, मूठ पाहू नये. मूठ नवी बसवता येते. पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, गंजाने खोलवर खड्डे पडलेली असेल तर धार कधीच सलग येत नाही, कारण धार म्हणजे दोन पृष्ठे जिथे मिळतात ती रेषा आणि त्यातले एक पृष्ठ ती पाठ असते. रंध्याच्या बिडाच्या अंगाला तोंडाजवळ केसासारखी चीर आहे का ते उजेडात तिरपे धरून पाहावे. पाते झिजून आखूड झालेले असले तरी हरकत नाही, पाते बदलता येते.

मुलामा

चांदीच्या ढिगाबद्दल लिहिते. येथे सर्वाधिक फसगत होते आणि सर्वाधिक लाभही होतो, कारण चांदी आणि चांदीचा मुलामा हे दोन्ही काळे पडतात आणि एकाच खोक्यात जाऊन बसतात.

सर्वांत आधी छाप शोधावी. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. जर्मन वस्तूंवर ८०० हा आकडा चंद्रकोर आणि मुकुटाच्या चिन्हासह दिसतो. इंग्लंडच्या चांदीवर चालणाऱ्या सिंहाची छाप असते, आणि तिच्या शेजारचे चिन्ह ती कुठे तपासली गेली ते सांगते, उदाहरणार्थ जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम. याउलट ईपीएनएस (EPNS) ही अक्षरे दिसली तर वस्तू निकेल सिल्व्हरवर मुलामा दिलेली आहे. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसतो. अक्षरे झिजलेली असतील तर चमच्याच्या खोलगट भागाची पाठ आणि काट्याची टोके पाहावीत, कारण टेबलावर आणि ताटात घासून मुलामा तिथेच आधी उडतो आणि खालचा पिवळसर धातू डोकावतो. लोहचुंबक जवळ ठेवणे उपयोगी आहे, पण त्याने फक्त पोलाद वगळता येते, कारण पितळही चुंबकाला चिकटत नाही. सुऱ्यांच्या आणि मेणबत्तीदानांच्या वजनावर विसंबू नये. सुऱ्यांच्या मुठी आतून राळ भरून जड केलेल्या असतात आणि पाते पोलादाचे असते.

वजनावरूनच आठवले म्हणून सांगते. रशियाचा सम्राट तिसरा अलेक्झांडर याने १८८७ साली राणीला दिलेले, फाबर्जे या जवाहिऱ्याने घडवलेले सोन्याचे अंडे विसाव्या शतकात बेपत्ता झाले होते. ते अमेरिकेत भंगाराच्या सोन्याचा व्यवहार करणाऱ्या एका माणसाने सुमारे १४,००० डॉलरला घेतले. ते वितळवून थोडाफार नफा काढावा, एवढाच त्याचा विचार होता, पण घेणाऱ्यांनी धातूच्या भावात त्याहून कमी पैसे देऊ केले आणि वस्तू त्याच्याकडे पडून राहिली. २०१२ साली त्याने अंड्यातील घड्याळावरचे व्हॅशरॉन कॉन्स्टँटिन हे घड्याळ बनवणाऱ्या कंपनीचे नाव इंटरनेटवर शोधले आणि त्याला हरवलेल्या अंड्याविषयीचा लेख सापडला. २०१४ मध्ये ते लंडनमध्ये प्रदर्शनात ठेवले गेले. त्याने सोन्याला जास्त पैसे मोजले होते म्हणूनच ते मुशीत गेले नाही. हे वाचल्यापासून मी कोणतीही वस्तू तराजूवर ठेवण्याआधी तिच्यावरचे प्रत्येक अक्षर वाचते, आणि तसे सर्वांनी करावे असे मला मनापासून वाटते.

काचभिंग

मुलामा, उत्तम प्रतिसाद. छाप वाचण्याचा मुद्दा लेन्सलाही तंतोतंत लागू होतो.

फिल्मच्या जमान्यातील कॅमेरे आज अनेकांना अडगळ वाटतात आणि त्यांच्यासोबत त्यांच्या लेन्सही निघून जातात. परंतु आरसा नसलेल्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर जोडकडे (अडॅप्टर) लावून यांतल्या बहुतेक लेन्स चालतात. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची जुनी स्क्रू-माउंट लेन्स तर जवळपास कोणत्याही कॅमेऱ्यावर बसवता येते. म्हणून माझा नियम असा की कॅमेऱ्याची किंमत विचारावी आणि पाहावी मात्र लेन्स.

खिशात लहान टॉर्च ठेवावा. लेन्सची दोन्ही झाकणे काढून, उजेड आत सोडणारे छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडून, मागच्या बाजूने टॉर्चचा झोत तिरपा सोडावा आणि पुढून आत पाहावे. धुळीचे कण नेहमीच दिसतात आणि छायाचित्रावर त्यांचा परिणाम जवळजवळ होत नाही. कडेपासून आत सरकणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. ती साफ करता येते, पण जुनी असेल तर तिने काचेवरचा लेप खाल्लेला असतो आणि तो परत येत नाही. सगळीकडे दुधाळ झाक असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेले प्रत्येक छायाचित्र फिके येईल. काठाजवळ इंद्रधनुष्यी डाग दिसले तर दोन भिंगे जोडणारा डिंक सुटत चालला आहे, आणि अशी लेन्स मी घेत नाही. त्यानंतर छिद्राची कडी फिरवून पाती झटकन मिटतात का ते पाहावे. पात्यांवर तेल आले असेल तर ती आळसावतात.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य मिसळलेले असे आणि अशी काच वर्षांनुवर्षांनी चहासारखी पिवळी पडते. विक्रेत्याला ती खराब झालेली वाटते. प्रत्यक्षात काही दिवस उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवल्यास हा पिवळेपणा बराचसा निघून जातो. किरणोत्सर्ग क्षीण असतो आणि नेहमीच्या वापरात त्याची चिंता करण्याचे कारण नाही, मात्र अशी काच घासू किंवा फोडू नये.

सद्सद्

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु एक प्रश्न मला सतावतो आणि तो येथे मांडणे आवश्यक वाटते. विक्रेत्याला वस्तूचे मोल ठाऊक नाही आणि आपल्याला आहे, अशा वेळी गप्प बसून ती कवडीमोलाने उचलणे योग्य आहे का? समोर दुकानदार असेल तर गोष्ट निराळी, पण नवऱ्याच्या मृत्यूनंतर घर आवरणारी वृद्ध बाई टेबल मांडून बसलेली असेल तर?

पारखी (धागाकर्ते)

सद्सद्, हा प्रश्न निघाला हे चांगले झाले, आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही.

विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याने स्वतःच्या मालाची माहिती करून घेणे हे त्याचे काम आहे. त्याने लावलेली किंमत देऊन वस्तू घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. धर्मादाय दुकानात घेतलेली वस्तू पुढे खरोखर मोठ्या किमतीला गेली तर त्यातला वाटा त्या संस्थेला द्यावा, असे मी मानतो आणि सुचवतो. घरगुती विक्रीत मात्र माझी रेषा स्पष्ट आहे. जी वस्तू मी वापरणार आहे, उदाहरणार्थ पटाशी किंवा कोट, ती मागितलेल्या किमतीला मी निःशंकपणे घेतो, कारण विकणाऱ्याला ती नको आहे आणि मला हवी आहे. वस्तू सोन्याची आहे किंवा मोठ्या किमतीची आहे असे मला कळत असेल आणि समोरच्या माणसाला कळत नसेल, तर ती वेगळी काढून एखाद्या जाणकाराला दाखवा, असे मी सांगतो. विक्रेत्याने थेट विचारले तर खोटे बोलायचे नाही, आणि वस्तूला नावे ठेवून भाव पाडायचा नाही, हे तर कोणत्याही व्यवहारात लागू आहे. कोटाच्या खिशात पैसे, पुस्तकात पत्रे किंवा खणात कौटुंबिक छायाचित्रे सापडली तर ती विकलीच गेलेली नव्हती, ती परत करावीत.

मात्र प्रत्येक वेळी विक्रेताच अजाण असतो आणि घेणारा सर्वज्ञ, असेही नाही. १९८० च्या दशकात लंडनमध्ये गाड्यांच्या डिकीतून भरणाऱ्या जुन्या बाजारातून एका बाईने दहा पौंडांना एक मोठ्या खड्याची अंगठी घेतली आणि खोटा दागिना समजून ती वर्षानुवर्षे रोज वापरली. तो खडा २६ कॅरटचा हिरा निघाला आणि २०१७ साली लिलावात साडेसहा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. जुन्या पद्धतीने पैलू पाडलेले हिरे आजच्या हिऱ्यांइतके चमकत नाहीत, त्यामुळे तो विकणाऱ्यालाही ओळखता आला नाही आणि घेणारीलाही नाही. येथे कोणी कोणाला फसवले असे म्हणता येणार नाही.

कलमदान

नीतीच्या जोडीने मालकीहक्काचाही विचार हवा. चोरीचा माल प्रामाणिकपणे, पैसे मोजून घेतला तरी तो आपला होतो असे बहुतेक कायदे मानत नाहीत, कारण चोराकडे नसलेला हक्क त्याला दुसऱ्याला देता येत नाही. इंग्लंडमध्ये याला एक जुना अपवाद होता. भरल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत प्रामाणिकपणे घेतलेल्या वस्तूवर खरेदीदाराला पक्का हक्क मिळे. तो अपवादही जानेवारी १९९५ पासून रद्द झाला.

एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरात वापरलेल्या वस्तूंच्या एका दुकानात २०१८ साली टेबलाखाली, गालावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेला एक संगमरवरी अर्धपुतळा पडलेला होता. किंमत होती ३४.९९ डॉलर. घेणाऱ्या महिलेने चौकशी केली तेव्हा तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पुतळा असल्याचे आणि तो बव्हेरियाच्या राजघराण्याच्या संग्रहातून, आशाफेनबुर्ग येथील पोम्पेयानुम या रोमन धर्तीच्या वास्तूमधून, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत नाहीसा झाला असल्याचे निष्पन्न झाले. तो विकणे शक्य नव्हते. तो काही काळ सॅन अँटोनियोच्या संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाला आणि २०२३ मध्ये जर्मनीला परत गेला. घेणाऱ्या महिलेने अंधारात विकण्याचा मार्ग धरला नाही, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

घरधनी

स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये अशा वस्तूंबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. दुचाकीचे आणि सायकलचे हेल्मेट घेऊ नये, कारण आतला फोम एका धडकेत दबून निकामी होतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मोटारीतील लहान मुलांचे आसनही याच कारणाने, शिवाय त्याच्यावर वापराची मुदत छापलेली असते. एक बाजू खालीवर सरकणारा बाळाचा पाळणा घेऊ नये. अशा पाळण्यांत अडकून मुले दगावल्यामुळे अमेरिकेने २०११ मध्ये त्यांच्या विक्रीवर, अगदी जुन्याच्या पुनर्विक्रीवरही, बंदी घातली. जुने रंगवलेले फर्निचर आणि खेळणी यांच्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली निर्बंध आले, त्याआधीच्या वस्तूचा रंग कोरडा घासणे म्हणजे ती धूळ घरभर पसरवणे होय.

गादी आणि कापडी सोफा यांच्या शिवणी उलगडून काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात का ते पाहावे, ती ढेकणांची खूण असते. कपडे घरात आणल्याबरोबर धुण्याजोगे असतील तर ६० अंश सेल्सिअसला धुवावेत. लोकर आणि पुस्तके बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान चार दिवस ठेवावीत.

नवखा

माहितीबद्दल सर्वांचे आभार. दोन प्रश्न आहेत. एखाद्या वस्तूची खरी किंमत घरबसल्या कशी ताडावी? आणि विक्रीच्या ठिकाणी लवकर जावे की उशिरा?

पारखी (धागाकर्ते)

नवखा, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. निवड हवी असेल तर पहिल्या तासात जावे आणि भाव हवा असेल तर शेवटच्या तासात. फर्निचरसारख्या अवजड वस्तू शेवटी जवळपास फुकट जातात, कारण त्या परत आत उचलून न्यायची कोणाचीही तयारी नसते. त्यासाठी घराच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापे लिहून बरोबर ठेवावीत. टेबल किंवा कपाट पाहताना एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत अडकवलेले असतील तर बांधणी चांगली आहे, आणि ते दात थोडे कमीजास्त रुंदीचे असतील, शेजारी आखणीची बारीक रेघ दिसत असेल, तर ते हाताने कापलेले आहेत. नुसत्या खिळ्यांनी किंवा पिनांनी जोडलेला, भुसा दाबून केलेल्या फळीचा खण दिसला की वरचा पापुद्रा कितीही देखणा असला तरी पुढे जावे.

किमतीबाबत एकच पथ्य पाळावे : विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती न पाहता प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती पाहाव्यात. लिलावाच्या संकेतस्थळांवर त्या वेगळ्या गाळून पाहता येतात. लिलावातील बोलीही पैसे हातात पडेपर्यंत खरी मानू नये. न्यू हॅम्पशायरमध्ये वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून २०१७ साली चार डॉलरला घेतलेले एक चित्र अमेरिकी चित्रकार एन. सी. वायथ यांचे निघाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लिलावात त्याला १,९१,००० डॉलरची बोली लागली. बोली जिंकणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत आणि चित्र पुढे खासगी व्यवहारातून विकावे लागले. वस्तू मौल्यवान असल्याचा संशय असेल तर ती घासूनपुसून चकचकीत करू नये, चौकट उघडू नये, दुरुस्ती करू नये. पुढून, मागून आणि छापेच्या जागेची स्पष्ट छायाचित्रे काढून दोन वेगवेगळ्या लिलावगृहांकडे पाठवावीत. बहुतेक मोठी लिलावगृहे छायाचित्रांवरून प्राथमिक अंदाज विनामूल्य देतात. जो तज्ज्ञ अंदाज सांगता सांगता स्वतःच ती विकत घेण्याची तयारी दाखवतो, त्याच्या आकड्यावर दुसरे मत घेतल्याशिवाय वस्तू देऊ नये.